ताटागणिक एक तुकडा

आमच्या घरात मटण आणलं जायचं मोजून आणि खाल्लं जायचं वाढवून. पाव किलो, महिन्याच्या सुरुवातीला फार तर अर्धा. ताटं आठ-नऊ. हे गणित जुळवायचं काम रश्श्याकडं असायचं. काळा होईस्तोवर भाजलेला कांदा, खोबरं, घरचा मसाला आणि पातेलंभर पाणी, एवढ्यावर माझी आजी पाव किलो मटण सगळ्या खोलीला पुरवायची. ऐन जेवणाच्या वेळी कुणी दारात उभं राहिलं तर तांब्याभर उकळतं पाणी वाढायचं, मीठ परत चाखलं जायचं आणि आणखी एक पाट मांडला जायचा. आजोबा गिरणीत होते. सोलापुरातली पहिली कापड गिरणी १८७७ सालची. तिला अजूनही सगळे जुनी मिल म्हणतात, भोंगा बंद होऊन जमाना झाला तरी. पगारानंतरचा रविवार मटणाचा, हे आमच्या चाळीत कुणी कुणाला सांगावं लागत नसे. वासावरून कळायचं.

स्टेक म्हणजे मांसाचा भाजलेला जाड, आख्खा काप. तो ह्या सगळ्या हिशोबात बसत नाही. त्यात पाणी घालता येत नाही. चार माणसं तर चार तुकडे, पाचवा आला तर तो उपाशी. पुण्यात नोकरी करणारी लेक पौषात सुट्टी काढून आली आणि म्हणाली, "बाबा, ह्या रविवारी रस्सा नको. स्टेक करू. वर हर्ब सॉस, बाजूला भाजलेल्या भाज्या." आईनं त्यावर पहिला प्रश्न विचारला तो चवीचा नव्हता. "कितीजणांत पुरतं ते?"

मूळचा स्टेक गोमांसाचा. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानं बंदी आहे आणि २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळं मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत स्टेक म्हणून जे समोर येतं ते बहुतेक म्हशीचं, नाहीतर सरळ चिकन. आमच्या घरात तो प्रश्नच नव्हता. आमच्याकडं मटण म्हणजे बोकड. आणि ही काही पळवाट नव्हे. इंग्लंडात कोकराच्या मांडीचे आडवे काप 'लॅम्ब लेग स्टेक' म्हणूनच विकतात, मधोमध हाडाची गोल चकती असलेले. तेच बोकडाच्या मांडीचं करायचं असं ठरलं. आपल्या भागातली उस्मानाबादी शेळी, ती काळीभोर, लांब कानांची, धाराशिव-लातूर-सोलापूर पट्ट्यात मटणासाठीच नावाजलेली आहे. कच्चा माल दारातच होता.

खाटकाच्या दुकानात मात्र नेहमीचा प्रश्न आलाच. "रस्सा का सुकं?" त्याच्या दृष्टीनं जगात मटणाचे हे दोनच शेवट आहेत आणि त्यावरून तो तुकड्याचा आकार ठरवतो. मी म्हटलं, दोन्ही नाही, मांडीचे आडवे काप द्या, बोटाच्या एका पेराएवढे जाड, हाडासकट.

"काय करूलालाव ओ अण्णा? पेशंटला आहे का?"

एवढं मोठं मटण आख्खं ठेवायचं हे त्याला पटेना. पण हाताचा मोठा कसबी माणूस. त्यानं सत्तूर बाजूला ठेवला, पातळ सुरी घेतली, मांडीभोवती हाडापर्यंत गोल फिरवली आणि मग हाडावर नेमका एकच घाव घातला. कापाच्या कडा आरशासारख्या गुळगुळीत. सत्तुरानंच सगळं केलं असतं तर हाडाचा चुरा मांसात रुतला असता. मांडीच्या मधल्या भागातून चार चांगले काप निघाले. दोन्हीकडची टोकं, नळीचा तुकडा आणि कडेचं झडलेलं त्यानं वेगळ्या पिशवीत बांधून दिलं. "हे रश्श्याला होतंय," म्हणाला. त्याचं समाधान झालं.

खरी लढाई घरी होती. मटण शुक्रवारी आणलं आणि शिजवायचं होतं रविवारी.

आपल्याकडं मटणाची अब्रू ताजेपणावर. पहाटे कापलेलं दुपारी ताटात, ह्याला मटण म्हणायचं. दुकानात टांगलेलं मांस अजून कोमट असेल तर आपण खूश. स्टेकवाल्यांचं शास्त्र नेमकं उलटं. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू ताठ होतात, मग थंडीत ठेवलं की मांसातलीच विकरं त्या ताठ धाग्यांना हळूहळू सैल करतात. परदेशात गोमांस दोन-दोन, तीन-तीन आठवडे गारव्यात टांगून ठेवतात ते ह्यासाठी. बोकडाला एवढं लागत नाही, फ्रिजमध्ये दोन रात्री पुरतात. आपल्याला ह्याची गरज कधी पडली नाही, कारण आपण मटण तासभर शिजवतो नाहीतर कुकरच्या शिट्ट्यांच्या हवाली करतो. त्यात चिवट पांढऱ्या पडद्यांचं जिलेटिन होतं आणि मटण आपोआप मऊ पडतं. काही मिनिटांत तव्यावरून उतरणाऱ्या तुकड्याला ती सोय नाही. त्याला मऊपणा आधीच कमवून आणावा लागतो.

मी हे सगळं आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे शिळं करून खायचं."

त्यात मधे शनिवार. आईचा शनिवार मारुतीचा. लेकीनं काप मीठ चोळून स्टीलच्या जाळीवर, खाली ताट ठेवून, उघडेच फ्रिजमध्ये मांडलेले. उघडे, कारण पृष्ठभाग कोरडा व्हायला हवा. दूध, दही, नैवेद्याचं लोणी सगळं त्याच फ्रिजमध्ये. आईनं शनिवारी दिवसभर फ्रिजला हात लावला नाही. सकाळी हिला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगून आपलं दूध बाहेर काढून घेतलं, तापवलं, दुपारी परत तापवलं, संध्याकाळी परत. बोलली काही नाही. आमच्या घरात न बोलणं हे बोलण्यापेक्षा लांबवर ऐकू जातं.

मीठ आधी लावण्याचं कारण साधं आहे. मीठ लावल्यावर सुरुवातीला पाणी सुटतं, तो टप्पा सगळ्यात वाईट. त्या वेळी तव्यावर टाकलं तर मांस भाजायच्या ऐवजी वाफेवर शिजतं. म्हणून एकतर टाकताना मीठ लावावं, नाहीतर आदल्या रात्री, म्हणजे सुटलेलं पाणी मीठ घेऊन परत आत मुरतं. कच्ची पपई लावायची सूचना शेजारून आली होती. तिच्यातलं पपेन मांस मऊ करतं खरं, पण जरा वेळ जास्त झाला की वरचा थर पिठूळ होतो. कबाबाला ते चालतं. इथं नको म्हटलं.

रविवारी सकाळी लक्ष्मी मंडईत गेलो. थंडीतली मंडई पाहावी. गाजरं, लाल भोपळ्याच्या फाकी, काटेरी वांगी, कोथिंबिरीच्या गड्ड्या, आणि पुढं बसलेल्या बायांचा भाव, मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपणारा. लेकीच्या यादीत पार्सली आणि ओरेगॅनो होतं. ताजी पार्सली सोलापुरात शोधत हिंडण्यापेक्षा कोथिंबीर बरी, हे मी ठरवून टाकलं. ओरेगॅनोचं मात्र मला घरातच सापडलं. गच्चीवरच्या कुंडीत ओव्याच्या पानांचं झाड आहे, जाड लुसलुशीत पानांचं, ज्याची आपण भजी करतो किंवा पोराला खोकला झाला की रस देतो. त्या पानांना जो उग्र वास येतो त्यात कार्व्हाक्रॉल नावाचं द्रव्य मोठ्या प्रमाणात असतं, आणि ओरेगॅनोचा वासही मुख्यतः त्याचाच. दोन्ही झाडं वेगळी, खंड वेगळे, वास एक. चार पानं पुरतात. सहा घातली तर सॉसला काढ्याचा वास येतो.

सॉसची बैठक अर्जेंटिनाच्या चिमिचुरीची होती. तिकडं पार्सली, लसूण, ओरेगॅनो, सुकी लाल मिरची, व्हिनेगर आणि तेल. आमच्याकडं कोथिंबिरीची एक गड्डी कोवळ्या देठांसकट, मूठभर पुदिना, ती ओव्याची पानं, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, एक हिरवी मिरची, मीठ आणि शेंगतेल. मिक्सर नाही. मिक्सरात पाल्याचा लगदा होतो आणि रंग काळवंडतो. लेकीनं सगळं सुरीनं बारीक चिरलं, मग लसूण आणि मीठ खलबत्त्यात कुटून त्यात तेल आणि पाला एकत्र केला. लिंबू अगदी शेवटी, ताटं मांडल्यावर. आंबट लागलं की पाल्याचा हिरवा रंग थोड्याच वेळात शेवाळी पडतो, म्हणून.

आई बघत होती. तिला त्यात शेंगदाण्याचं कूट घालावंसं वाटत होतं. सोलापूरच्या बाईला कशातही घालावंसं वाटतं, तो तिचा दोष नाही. पण हा ठेचा नव्हता आणि चटणीही नव्हती. ठेच्याला मिरची आधी तव्यावर भाजतात, तो जिभेला चटका द्यायला असतो. हे कच्चं, तेलकट, आंबट. काम एकच, मांसाची तुपकट चव जिभेवरून धुऊन काढायची. कूट घातलं तर ते घट्ट होऊन बसेल आणि तेच काम करणार नाही. मी म्हटलं, आई, शेंगाचटणी वेगळी वाढू. वाढलीही.

भाज्या हिच्या ताब्यात होत्या आणि मला विचाराल तर त्या दिवशीचं सगळ्यात चोख काम तेच झालं. लहान बटाटे मिठाच्या पाण्यात अर्धेकच्चे उकडून, निथळून, पातेल्यातच जरा हलवले, म्हणजे कडा खरबरीत होतात आणि पुढं कुरकुरीत. गाजराचे तिरके तुकडे, भोपळा सालासकट, कांद्याचे चार भाग, वांगी उभी चिरून. तेल, मीठ, हातावर चुरडलेलं जिरं. ओव्हन २२० अंशांवर आधी नीट तापवलेला. आणि भाज्या दोन ट्रेमध्ये, ऐसपैस. एकाच ट्रेमध्ये दाटीवाटीनं भरल्या तर भाज्या एकमेकींच्या वाफेत शिजतात, भाजत नाहीत. भोपळा आणि वांगी बटाट्यांच्या मागून घातली, कारण त्यांना वेळ कमी लागतो.

भाजलेल्या भाजीचं कौतुक आपल्याला कुणी शिकवायला नको. पौष-माघात हुरड्याला रानात गेलं की गोवऱ्यांच्या आगटीत गूळभेंडीची कणसं भाजताना कडेच्या राखेत वांगी, कांदे, रताळी ढकलून दिलेली असतात. साल जळतं, आतला गर आपल्याच पाण्यात शिजतो, धूर मुरतो. ओव्हनमध्ये उलट, गरम कोरडी हवा बाहेरचं पाणी उडवते आणि गोडी आत गोळा होते. ओव्हनमधला भोपळा खाऊन मला पहिल्यांदाच भोपळ्याबद्दल आदर वाटला. वांग्याला मात्र राख ती राखच.

मग तवा. बिडाचा, आजीच्या वेळचा, उचलायला दोन हात लागणारा. पातळ भांड्यावर थंड मांस टाकलं की भांडं गार पडतं. बिडाचं वजन उष्णता धरून ठेवतं. लोणी वापरायचं की तूप, ह्यावर थोडी चर्चा झाली. पुस्तकी पद्धत लोण्याची. पण लोण्यातला दुधाचा अंश दीडशे अंशांच्या आसपास करपायला लागतो, आणि तव्याला हवेत त्याहून पुष्कळ जास्त. साजूक तुपातला तो अंश आधीच काढलेला असतो. इथं आपलं तूप सरस आहे आणि ह्यात अभिमानाचा भाग नाही.

काप फडक्यानं टिपून कोरडे केले आणि टाकले. चर्र आवाज झाला, घर धुरानं भरलं, हिनं खिडक्या उघडल्या, आई खोकत बाहेरच्या खोलीत गेली. भाजल्यानं रस आत कोंडला जातो असं अजूनही पुष्कळ लोक सांगतात. ही कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग ह्यांनी १८४७ च्या सुमाराला मांडली, आणि ती चुकीची आहे. तो चर्र आवाज म्हणजे रस बाहेर पडून उडून जाण्याचाच आवाज. भाजायचं ते रंगासाठी आणि चवीसाठी. मांसातली प्रथिनं आणि साखर तापून तपकिरी होतात तेव्हा शेकडो नवे वास तयार होतात. लुई-कामिय मायार ह्या फ्रेंच माणसानं १९१२ मध्ये हे प्रथम मांडलं, म्हणून त्याला मायार अभिक्रिया म्हणतात. ती जोरात चालते ती साधारण १४० अंशांच्या वर. पाणी शंभराच्या वर जात नाही, म्हणून ओल्यात मांस कधीच तसं भाजलं जात नाही.

मिनिटामिनिटाला काप उलटत मी हाच विचार करत होतो. आजीच्या रश्श्यात मटण भाजलेलं नसायचं, तरी ती खोल, काळपट, भाजकी चव यायची कुठून? कांद्यातून आणि खोबऱ्यातून. आमच्याकडं ते काम मटणावर न होता तव्यावरच्या कांदा-खोबऱ्यावर व्हायचं, मग पाट्यावर वाटून पाण्यात सोडलं जायचं. म्हणजे चव सगळ्या पातेल्यात पसरायची. ज्याच्या वाटीत एकही तुकडा नाही त्याच्याही. स्टेकमध्ये तीच चव एका तुकड्याच्या दोन बाजूंना चिकटून बसते, आणि तुकडा ज्याचा चव त्याची.

हे ऐकायला फार छान वाटतं, रस्सा म्हणजे वाटून खाणं वगैरे. मी तसं आईला बोलूनही दाखवलं. आईनं कौतुक केलं नाही. वाटून म्हणजे कसं, ते तिला माहीत होतं. आधी आजोबा आणि काका, त्यांना निवडून तुकडे. मग पोरं, प्रत्येकी दोन. बायका शेवटी. सून सगळ्यात शेवटी. "मला काय, पातेल्याला लागलेलं भाकरीनं पुसून घ्यायचं. चव तीच की." ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. रश्श्याची चव तिच्यापर्यंत पोचली, तुकडा पोचला नाही, एवढंच ती सांगत होती.

मांसात खुपसायचा थर्मामीटर लेकीनं आणलेला. अमेरिकेच्या शेतीखात्याची शिफारस बोकडाच्या अशा अखंड तुकड्याला आत ६३ अंश आणि वर किमान तीन मिनिटं विसावा. खिम्याला ती ७१ आहे, कारण अखंड तुकड्यावर जंतू वरच्या बाजूला असतात आणि ते तव्यावर मरतात. खिमा केला की बाहेरचं आत जातं. आम्ही ६० ला उतरवले. ताटात झाकून ठेवल्यावर आतली उष्णता आणखी तीन-चार अंश चढते. शेवटी तूप आणि ठेचलेला लसूण घालून चमच्यानं वरून सोडलं.

ताटं मांडली. प्रत्येकात एक काप, भाज्या, कडेला सॉस. मोठं-लहान नाही, खाटकानं चारही सारखेच कापले होते. आईनं आपलं ताट बघितलं, मग माझं बघितलं. तुकडा कापल्यावर आत गुलाबी दिसलं तेव्हा म्हणाली, "रक्त आहे ह्यात." लेकीनं समजावलं, आज्जी, ते रक्त नाही, मायोग्लोबिन आहे, स्नायूतला रंग. आज्जीनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि तुकडा परत तव्यावर टाकायला लावला. टाकला. गुलाबी पूर्ण गेल्यावरच तिनं ताट पुढं ओढलं.

सुरी-काटा तिनं घेतला नाही. हातानं धाग्याच्या आडवं तोडत, हिरव्या सॉसला लावत, भाकरीच्या तुकड्याबरोबर खाल्लं. बोकडात चरबीचं जाळं नसतं, त्यामुळं पुरता शिजलेला काप सुका लागतो, आणि ते तिनं सांगितलंही: दाढेला जड आहे, मीठ बरोबर, सॉसनं चव आली, भोपळा छान. आम्हाला मधल्या गुलाबी भागात जो मऊपणा मिळाला तो तिला मिळाला नाही. पण तिनं तुकडा संपवला. सगळा. लेकीनं विचारलं, आज्जी, उरलं तर मला दे, तेव्हा ताट स्वतःकडं ओढून घेतलं. हाडाची चकती अंगठ्यानं दाबून आतली मज्जा काढली, आणि हात धुवायला उठताना तिला जे सकाळपासून खात होतं ते बोलून टाकलं.

"आता ह्या क्षणाला कुणी जेवायला आलं, तर काय वाढणार तुम्ही?"

"आज्जी, आता लोक फोन करून येतात," लेक म्हणाली.

"सोलापुरात?"

संध्याकाळी तिनं ती दुसरी पिशवी काढली, नळी आणि टोकांची, आणि कांदा भाजायला घेतला. मला म्हणाली, पुढच्या वेळेला हे करायचं असलं तर कर, माझी ना नाही. फक्त चार माणसं असली तर पाच काप आण.